घराण्यातील आजार आणि नातलगांची तपासणी : सव्वाशे वर्षांचा इतिहास

अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. इ. स. १८९५ च्या सुमारास डॉ. ॲल्ड्रेड वॉर्थिन हे तेथील विद्यापीठात विकृतिशास्त्र शिकवीत असत. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी पॉलीन ग्रॉस नावाची एक स्त्री होती. एके दिवशी ती फार खिन्न दिसली, म्हणून डॉक्टरांनी विचारपूस केली. तिने सांगितले ते विलक्षण होते. आज आपली प्रकृती उत्तम आहे, परंतु आपण फार जगणार नाही. आपल्या घराण्यातील बहुतेक माणसे पोटाच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली, आपलेही तसेच होणार, असे ती म्हणाली. पुढे तसेच झाले. ती अकाली, गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली.

वॉर्थिन यांच्या जागी दुसरा कोणी विद्वान असता, तर शिवणकाम करणाऱ्या बाईचे बोलणे त्याने मनाची भीती म्हणून सोडून दिले असते. वॉर्थिन यांनी ते सोडले नाही. पॉलीनच्या साहाय्याने त्यांनी त्या जर्मन वंशाच्या कुटुंबाची वंशावळ तयार करावयास घेतली. कोण कोणाचा मुलगा, कोणती मुलगी कोठे दिली, कोण कोणत्या वयात आणि कशाने गेले, अशी माहिती वर्षानुवर्षे गोळा होत गेली. हे कुटुंब वैद्यकीय वाङ्मयात ‘फॅमिली जी’ म्हणून ओळखले जाते. १९१३ मध्ये वॉर्थिन यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. एका कर्करोगग्रस्त आजोबांच्या अठ्ठेचाळीस वंशजांपैकी सतरा जणांना कर्करोग झाल्याची नोंद त्यात होती. योगायोगाने इतके घडत नाही, हे कोणाही हिशेबी माणसाच्या सहज ध्यानात यावे.

आपल्याकडे वंशावळीचे वावडे नाही. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात हेळवी आजही नंदीवर बसून दारात येतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नावे म्हणून दाखवितात. अनेक जैन घराण्यांच्या नोंदी त्यांच्या वह्यांतून आहेत. मूळ गाव, आडनाव, भाऊबंद, कोण कोठे स्थायिक झाले हे सर्व त्यात सापडते. परंतु माणूस कोणत्या दुखण्याने गेला हा रकाना त्या वह्यांत नसतो. पॉलीनने तोच रकाना भरला, यात तिचे वेगळेपण आहे.

कर्करोग घराण्यात चालतो ही कल्पना तिच्याही पूर्वीची. पॅरिसचे विख्यात शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये आपल्या पत्नीच्या माहेरची वंशावळ प्रसिद्ध केली होती. तीत १७८८ ते १८५६ या काळात त्या घराण्यातील स्त्रियांना झालेल्या स्तनांच्या कर्करोगाच्या नोंदी होत्या. मात्र नोंद करणे वेगळे आणि त्या नोंदीच्या आधारे जिवंत नातलगांना बोलावून तपासणे वेगळे. हे दुसरे काम प्रथम लंडनमध्ये नीट रीतीने सुरू झाले.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात गुदद्वार व मोठ्या आतड्याच्या विकारांवर उपचार होत. तेथील शल्यवैद्य जॉन पर्सी लॉकहार्ट-ममरी यांनी १९२५ मध्ये काही कुटुंबांची हकिकत मांडली. या कुटुंबांतील माणसांच्या मोठ्या आतड्यात तरुणपणीच शेकडो लहान लहान गाठी किंवा कोंब उगवत. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. आतडे काढून टाकले नाही तर त्यांपैकी एखाद्या कोंबाचा पुढे कर्करोग होणे जवळजवळ निश्चित असे. त्याच सुमारास रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. कथबर्ट ड्यूक्स यांच्या देखरेखीखाली अशा कुटुंबांची नोंदवही सुरू झाली. प्रयोगशाळेत अगदी तरुण वयात साहाय्यक म्हणून लागलेले बसी नावाचे गृहस्थ ही नोंदवही अनेक दशके सांभाळीत राहिले. तेव्हा ते डॉक्टरही नव्हते. परंतु एक-एक कुटुंब, एक-एक नाव, जन्म, मृत्यू, तपासणीचा दिवस अशी त्यांची खतावणी इतकी चोख होती की जगभरच्या डॉक्टरांना तिचा आधार घ्यावा लागला. १९७५ मध्ये बसी यांनी या सर्व अनुभवावर ग्रंथ लिहिला.

त्या नोंदवहीने दाखविलेली गोष्ट साधी होती. रक्त पडते, पोट दुखते, अशी तक्रार घेऊन जे आपणहून रुग्णालयात आले, त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांना त्या वेळी कर्करोग झालेलाच असे. त्यांच्या भावंडांना आणि मुलांना कसलीही तक्रार नसताना बोलावून तपासले, तर त्यांच्यात हे प्रमाण अगदी थोडे निघे. घराणे एकच, दोष एकच. फरक पडला तो आला केव्हा यामुळे.

दरम्यान अमेरिकेत वॉर्थिन यांचे काम मागे पडले. त्याला एक कारण असे की, त्या काळी सुप्रजननवादाचे वारे होते. सदोष वंशाच्या लोकांनी विवाह करू नयेत, असे मोठमोठे विद्वान सांगत. वॉर्थिन हेही त्या विचारापासून अलिप्त नव्हते. ज्या डॉक्टरला तुमची माहिती हवी आहे, तोच उद्या तुमचे घराणे बदनाम करणार असेल, तर त्याला माहिती कोण देईल? दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत जे घडले त्यानंतर आनुवंशिकतेचे नाव काढणेही अवघड झाले. १९३१ मध्ये वॉर्थिन निवर्तले. १९३६ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी फॅमिली जीवर आणखी एक निबंध लिहिला आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे हा विषय कपाटात राहिला.

तो बाहेर काढला डॉ. हेन्री लिंच यांनी. हे गृहस्थही वेगळेच होते. वय लपवून वयाच्या सोळाव्या वर्षी नौदलात गेलेले, मुष्टियुद्ध खेळलेले, आधी आनुवंशशास्त्र शिकून मग डॉक्टर झालेले. १९६२ मध्ये नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे ते उमेदवारी करीत असता एक मद्यपी रुग्ण त्यांच्याकडे आला. शुद्धीवर आल्यावर तो का पितो हे त्याने सांगितले. घरातील सर्वजण कर्करोगाने मरतात, विशेषतः आतड्याच्या. आपणही त्यानेच मरणार, मग राहिले काय, असा त्याचा हिशेब होता. पॉलीनच्याच शब्दांचा हा दुसरा पाठ म्हणावा लागेल. मधे सदुसष्ट वर्षे गेली होती, आणि तरीही त्या माणसाला कोणी डॉक्टरने दुसरे काही सांगितले नव्हते.

लिंच यांनी समाजसेविका ॲन क्रश यांना बरोबर घेऊन त्या कुटुंबाची घरे पालथी घातली. १९६६ मध्ये ‘एन’ आणि ‘एम’ अशा दोन कुटुंबांचा अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला. पुढे वॉर्थिन यांची जुनी कागदपत्रे त्यांच्या हाती आली आणि १९७१ मध्ये या दोघांनी फॅमिली जीचा पुन्हा शोध घेतला. साडेसहाशेहून अधिक रक्ताचे नातलग आणि त्यांत पंचाण्णव जणांना कर्करोग, असा तो आकडा होता. तरीही वैद्यकीय जगाने त्यांची फारशी दखल घेतली नाही. त्या वेळी कर्करोग विषाणूमुळे होतो की आहार-धूम्रपानामुळे, यावर भर होता. लिंच यांचे अनुदानाचे अर्ज नाकारले गेले. १९८४ मध्ये डॉ. रिचर्ड बोलंड यांनी या विकाराला ‘लिंच सिंड्रोम’ हे नाव दिले. बोलंड यांच्या स्वतःच्या वडिलांच्या घराण्यात हाच आजार होता, हे येथे मुद्दाम नोंदविले पाहिजे.

लिंच यांची नातलगांना आणण्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. एकेकाला दवाखान्यात बोलावून घाबरविण्यापेक्षा ते दूरदूरच्या भावंडांना, चुलत-मावस नातलगांना एका ठिकाणी जमवीत. सर्वांसमक्ष रोग समजावून सांगत, शंका विचारू देत, आणि मग ज्याला हवे त्याच्याशी एकांतात बोलत. एकटा माणूस तपासणी टाळतो; चुलतभाऊ आणि आतेबहीण जाणार असतील तर तोही जातो. आपल्याकडे लग्नकार्यात किंवा पर्युषणाच्या निमित्ताने सर्व भाऊबंद एकत्र येतात, तेव्हा आजाराचा विषय निघालाच तर तो कुजबुजत निघतो. लिंच यांनी तो उघडपणे मांडला, एवढेच.

या काळात तपासणीचे साधनही बदलले. पूर्वी ताठ नळी घालून आतड्याचा शेवटचा वीतभर भाग दिसे. उरलेल्यासाठी बेरियमचा एनिमा देऊन क्ष-किरण छायाचित्र काढावे लागे. १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे डॉ. विल्यम वुल्फ आणि डॉ. हिरोमी शिन्या यांनी लवचिक दुर्बिणीतून तारेच्या फासाने पॉलिप कापून काढण्यास सुरुवात केली. कोलोनोस्कोपी म्हणजे ही दुर्बिणीची तपासणी. तिचे महत्त्व असे की, ती नुसती रोग शोधत नाही. कोंब दिसला की तो त्याच बैठकीत काढता येतो, म्हणजे कर्करोग होण्याच्या आधीच त्याचे मूळ खुडले जाते. सामान्यतः कोंबाचा कर्करोग व्हावयास सुमारे दहा वर्षे लागतात. लिंचच्या कुटुंबांत मात्र हा प्रवास दोन-तीन वर्षांतही होतो, म्हणून तेथे दर एक-दोन वर्षांनी तपासणी सांगितली जाते.

आता मुख्य प्रश्न. बोलावले तर नातलग येतात काय?

याचे सर्वांत मोलाचे उत्तर फिनलंडने दिले. १९८२ मध्ये तेथील डॉ. हेइक्की यार्विनेन यांनी अशा बावीस कुटुंबांतील २५२ नातलगांचा अभ्यास आरंभिला. हे सर्व त्या वेळी निरोगी होते. त्यांपैकी १३३ जणांची दर तीन वर्षांनी आतड्याची तपासणी होत गेली. ११९ जणांची झाली नाही. पंधरा वर्षांनी दोन्ही बाजूंचा ताळेबंद मांडला गेला. तपासणी झालेल्यांपैकी आठ जणांना आतड्याचा कर्करोग झाला, न झालेल्यांपैकी एकोणीस जणांना. टक्केवारीत पाहावयाचे तर एका बाजूला सहा, दुसरीकडे सोळा. मृत्यूचा आकडा अधिक बोलका आहे. तपासणी झालेल्यांत आतड्याच्या कर्करोगाने एकही मृत्यू झाला नाही. दुसऱ्या गटात नऊ जण गेले. पुढे जनुकाची चाचणी उपलब्ध झाल्यावर ज्यांच्या अंगी खरोखर दोष होता तेवढ्यांचाच हिशेब केला, तेव्हा तपासलेल्यांत १८ टक्के आणि न तपासलेल्यांत ४१ टक्के असे प्रमाण निघाले. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. जो माणूस तपासणीला येतो तो इतर बाबतींतही जपणारा असू शकतो, त्यामुळे सगळे श्रेय दुर्बिणीचे मानणे बरोबर होणार नाही. तरीही आतड्याच्या कर्करोगाने शून्य आणि नऊ यांतील अंतर एवढ्याने भरून निघत नाही. जनुकाच्या आधारे केलेला हिशेबही तेच सांगतो.

१९९३ मध्ये या विकाराचे पहिले जनुक, एमएसएच २, सापडले आणि १९९४ मध्ये एमएलएच १. या शोधात फिनलंडचे डॉ. अल्बर्ट द ला शापेल यांचा आणि त्या देशातील कुटुंबांचा मोठा वाटा होता. डी.एन.ए.ची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करण्याचे काम ही जनुके करतात. दुरुस्ती बंद पडली की चुका साचत जातात. शिवणीत एक टाका सुटला की तेथून सगळी शिवण उसवत जाते, तसाच हा प्रकार. आई किंवा वडील यांच्यापैकी एकात दोष असेल तर प्रत्येक मुलाला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे निम्म्या मुलांना तो मिळतच नाही. हे निम्मे कोण, हे कळले तर त्यांची आयुष्यभराची काळजी आणि वारंवारची दुर्बीण दोन्ही सुटतात. तपासणीमागची ही दुसरी बाजू आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

हे कळवून घेण्याची तयारी मात्र देशोदेशी सारखी नाही. फिनलंडमध्ये अशा कुटुंबांतील चारशे सेहेचाळीस जणांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी जनुकचाचणी स्वीकारली. अमेरिकेत चार मोठ्या कुटुंबांतील २०८ नातलगांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे चाचणीचा निकाल ऐकून घेणारे ४३ टक्केच निघाले. मनाने खचलेली माणसे चाचणीपासून अधिक दूर राहिली, असेही त्यात दिसले. ज्याने घरातील मृत्यू जवळून पाहिला तो धावत तपासणीला येईल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अनेकदा तोच अधिक घाबरतो. शिवाय अमेरिकेत विम्याची आणि नोकरीची धास्ती होती. २००८ मध्ये तेथे जनुकीय माहितीच्या आधारे भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. आरोग्यविमा आणि नोकरी यांना तो लागू आहे. आयुर्विम्याला मात्र तो लागू नाही. फिनलंडमध्ये सार्वजनिक आरोग्यव्यवस्था आहे, खर्चाची व विम्याची काळजी त्या मानाने कमी. या दोन आकड्यांतील अंतराला हेही एक कारण असावे.

रक्ताचे नाते नसलेल्या एका पत्नीने याच काळात मोठे काम केले. अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या निवेदिका केटी कुरिक यांचे पती १९९८ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, आतड्याच्या कर्करोगाने गेले. मार्च २००० मध्ये त्यांनी स्वतःची कोलोनोस्कोपी दूरचित्रवाणीवर सर्वांना दाखविली. त्यानंतर तेथे ही तपासणी करून घेणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि काही महिने टिकले, असे मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले. ज्या गोष्टीचा उच्चार चारचौघांत होत नव्हता, ती सकाळच्या चहाबरोबर घराघरांत बोलली गेली.

आपल्याकडची स्थिती निराळी आहे. भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी असल्याने त्याची सरसकट तपासणी होत नाही. २०१६ मध्ये केंद्र शासनाने तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे आखली, ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी. म्हणून आतड्याच्या बाबतीत जी काही जागरूकता राहायची ती रुग्णाच्या घरातूनच येणार. मुंबईत १९४१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात आनुवंशिक कर्करोगाच्या कुटुंबांसाठी स्वतंत्र सल्लाकेंद्र आहे. परंतु वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी परळला महिनाभर राहिलेला मुलगा स्वतःसाठी त्याच आवारातील दुसरे दार ठोठावत नाही.

त्याची कारणे समाजात सर्वांना ठाऊक आहेत. शौचावाटे रक्त गेले तर ती मूळव्याधच, असे धरून चालतात. आपण शाकाहारी, निर्व्यसनी, मग हा रोग आपल्याला कसा होईल, असेही म्हटले जाते. आहाराचा परिणाम होतो हे खरे. परंतु वारशाने आलेले सदोष जनुक ताट पाहून थांबत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशीचे जुलाब आणि ती तपासणी यांचा संकोच असतो. आणि सर्वांत मोठी अडचण कोणी बोलून दाखवीत नाही, ती सोयरिकीची. घराण्यात कर्करोग आहे असे कळले तर मुलीच्या स्थळाला बाधा येईल, या भयाने आजीचे दुखणे ‘पोटाचा विकार’ म्हणून सांगितले जाते. पुढच्या पिढीला मग वंशावळीत काही दिसतच नाही. सुप्रजननवाद्यांच्या अमेरिकेत जे झाले, त्याहून हे फार वेगळे नाही.

कोणत्या घरांनी जागे व्हावे, याची एक खूण तज्ज्ञांनी १९९१ मध्ये ठरविली. तिला ॲमस्टरडॅमचे निकष म्हणतात. निदान तीन नातलगांना मोठ्या आतड्याचा कर्करोग, त्यांपैकी एक इतर दोघांचा जवळचा म्हणजे आई-वडील, भावंड किंवा अपत्य, दोन पिढ्यांत रोग, आणि एकाला तरी वयाच्या पन्नाशीआधी. कोंबांचा तो दुसरा विकार नसला पाहिजे. पुढे यात गर्भाशयाच्या व आणखी काही कर्करोगांचीही भर पडली. एवढे भारी लक्षण नसले तरी ज्याच्या वडिलांना, आईला किंवा सख्ख्या भावंडाला हा रोग झाला, त्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. अशा माणसाने चाळिशीत, किंवा घरातील रुग्णाच्या निदानाच्या वयापेक्षा दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा डॉक्टरांशी बोलावे, असे अमेरिकेतील तज्ज्ञसंस्था सांगतात. पंचेचाळिसाव्या वर्षी वडील आजारी पडले असतील तर मुलाने पस्तिशीतच जावयाचे, असा त्याचा अर्थ.

फॅमिली जीची कथा पुढेही चालू राहिली. २००० साली तिच्यातील एमएसएच २ जनुकाचा नेमका दोष सापडला. पॉलीनने ज्याचा केवळ कयास बांधला होता, त्याला शंभर वर्षांनी अक्षरांत जागा मिळाली. २००५ मध्ये या घराण्याच्या ज्ञात वंशजांची संख्या ९२९ वर गेल्याची नोंद झाली. डॉ. लिंच २०१९ मध्ये, नव्वदीत, निवर्तले. त्याच वर्षी त्या घराण्यातील लेखिका ॲमी मॅकाय यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यांची स्वतःची चाचणी सदोष आली होती, आणि त्या नियमाने तपासणीस जात होत्या. पॉलीन ही त्यांच्या पणजीच्या पिढीतील.